'व्हेज' आणि 'वीगन' : जवळचे दोन शब्द आणि जैन स्वयंपाकघर

मुक्तागिरी सिद्धक्षेत्र मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात असले, तरी त्याचा उंबरठा वऱ्हाडातच आहे. बहुतेक यात्रेकरू परतवाड्यास उतरतात आणि तेथून चौदा-एक किलोमीटरवरच्या पहाडाकडे निघतात. वाटेत लागणारा सुका खाऊ परतवाड्याच्या बाजारातून घेतला जातो आणि तो घेताना पाकीट उलटून पाहण्याची सवय जैन कुटुंबांत आता चांगलीच रुजली आहे. हिरवा ठिपका दिसला की पाकीट पिशवीत जाते. अलीकडे मात्र काही पाकिटांवर आणखी एक चिन्ह दिसू लागले आहे : हिरव्या चौकटीत इंग्रजी 'व्ही' अक्षर, त्यावर उगवलेले छोटेसे रोपटे आणि खाली 'वीगन' हा शब्द.

'व्हेजिटेरियन' आणि 'वीगन' हे दोन्ही शब्द इंग्रजी आहेत, दोन्हींचे आद्याक्षर एक, अंत्याक्षर एक आणि दोन्ही मांस वर्ज्य करणारे. त्यामुळे दोहोंचा अर्थ एकच असावा, असा समज सहज होतो. वऱ्हाडी कानाला तर हा नवा शब्द आणखीच ओळखीचा वाटतो. मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेज मार्गावर, 'शकुंतला'च्या वाटेवर, ज्यांचे आयुष्य गेले त्यांना 'वेगन' म्हणजे मालगाडीचा डबाच आठवायचा. हा विनोद घटकाभराचा. शब्दांचा घोटाळा मात्र ताटापर्यंत पोचतो, तेव्हा तो विनोद राहत नाही.

परगावी शिकणारा नातू फोनवर सांगतो, "आजी, मी वीगन झालो." आजीला समाधान वाटते, तिच्या दृष्टीने हे घर पिढ्यान्‌पिढ्या तसेच आहे. मग दिवाळीला नातू घरी येतो आणि तुपातला लाडू बाजूला सारतो, ताकाची वाटी परत करतो. आजीला वाटते, मुलाने घरचे संस्कार सोडले. नातवाला वाटते, अहिंसेचे नाव घेणाऱ्या घराला आपली अहिंसा कळत नाही. दोघेही दुखावतात आणि दोघांच्या मध्ये असतो एक न उलगडलेला शब्द. अशी दुखावलेली मने आज अनेक घरांत आहेत. म्हणून या दोन शब्दांचा उलगडा करून घेणे हे केवळ भाषेचे काम नाही.

दोन शब्दांचा जन्म

'व्हेजिटेरियन' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये रूढ झाला. १८४७ साली रॅम्सगेट या गावी 'व्हेजिटेरियन सोसायटी'ची स्थापना झाली आणि मांसाहार न करणाऱ्यांना हे नाव कायमचे चिकटले. त्याआधी अशा आहाराला युरोपात बहुधा 'पायथॅगोरियन' म्हणजे पायथॅगोरसच्या अनुयायांचा आहार म्हणत. या नव्या नावात मांस आणि मासे यांचा त्याग होता. अंडी आणि दूध यांबाबत मात्र ज्याने-त्याने आपापले ठरवावे, अशी मोकळीक होती. पाश्चात्त्य देशांत आजही 'व्हेजिटेरियन' म्हणवणाऱ्या माणसाच्या न्याहारीत अंडे असू शकते. त्यात त्याला विसंगती वाटत नाही, कारण त्याच्या शब्दाने अंडे वगळलेलेच नाही.

या मोकळिकीवर समाधान न मानणारे काही लोक त्या चळवळीतच होते. दुधासाठी गाय सतत विणार, तिची नर वासरे कत्तलखान्यात जाणार. मग दूध मांसापासून वेगळे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड वॉटसन यांनी अशा समविचारी लोकांसाठी एक छोटे वार्तापत्र काढले आणि नवा शब्द दिला. 'व्हेजिटेरियन' या शब्दाची इंग्रजी लिपीतील पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन 'वीगन' हा शब्द घडला. शाकाहाराचा आरंभ आणि त्याचा अंतिम टप्पा, दोन्ही या शब्दात आहेत, असा त्यामागचा भाव होता. तेव्हा दोन शब्दांचे साम्य योगायोगाचे नाही. दुसरा शब्द पहिल्याच्या पोटातून, त्याच्याशी मतभेद सांगत, बाहेर आला आहे.

वीगन आहारात मांस, मासे आणि अंडी यांबरोबर दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मध हेही वर्ज्य आहे. पुढे हा विचार ताटाबाहेरही गेला. लोकर, रेशीम, कातडे, मोती, प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधने यांचाही त्याग त्यात येतो. १ नोव्हेंबर हा दिवस १९९४ पासून जागतिक वीगन दिन म्हणून पाळला जातो.

हिरवा ठिपका काय सांगतो

भारतात पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह छापण्याचे नियम २००१ मध्ये झाले. शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. मांसाहारी पदार्थासाठी आधी तपकिरी ठिपका होता. नव्या नियमांनी त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, म्हणजे ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांनाही आकारावरून फरक कळावा. भारतीय कायद्याने एक गोष्ट पाश्चात्त्यांपेक्षा निराळी केली : अंडे थेट मांसाहारात घातले. त्यामुळे भारतात हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात अंडे नसते. जैन ग्राहकाला हा मोठाच दिलासा आहे.

पण याच कायद्याने मांसाहाराच्या व्याख्येतून काही प्राणिज पदार्थ वगळले आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ वगळले, हे अपेक्षितच होते. त्यांच्याबरोबर मध, मधमाश्यांचे मेण आणि लाखेपासून केलेले 'शेलॅक' हेही वगळलेले आहे. शेलॅक हा लाखेच्या किड्यांचा स्राव. गोळ्या-चॉकलेटांना आणि काही फळांना चकाकी आणण्यासाठी तो वापरतात. म्हणजे मध घातलेल्या बिस्किटावर हिरवा ठिपका असू शकतो आणि तो कायद्याने योग्यच असतो. मद्य, मांस आणि मधु या तीन मकारांचा त्याग ज्या घरात श्रावकाचाराची पहिली पायरी मानला जातो, त्या घराने केवळ ठिपक्यावर विसंबून चालत नाही.

वीगन पदार्थांसाठीचे स्वतंत्र नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये अधिसूचित केले आणि वर वर्णन केलेले चिन्ह त्यांतून आले. या चिन्हाच्या पदार्थात दूध नाही, मध नाही, कोणताही प्राणिज घटक नाही, अशी हमी असते.

आईची व्याख्या

एका शब्दाच्या अर्थावर माणसाचे व्रत कसे अवलंबून असते, याचे उदाहरण इतिहासात आहे. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मातोश्री पुतळीबाईंच्या समाधानासाठी त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा घेतली. ही प्रतिज्ञा देणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते. लंडनला शाकाहारी मंडळींत वावरताना गांधीजींसमोर 'मांस' या शब्दाच्या तीन व्याख्या आल्या. पहिलीनुसार पशुपक्ष्यांचे मांस तेवढे वर्ज्य, मासे व अंडी चालत. दुसरीनुसार सर्व जीवांचे मांस वर्ज्य, अंडी चालत. तिसरीनुसार प्राण्यांपासून मिळणारे सर्वच, अंडी आणि दूधही वर्ज्य.

पहिली व्याख्या स्वीकारली असती, तर थंडीच्या त्या देशात बऱ्याच अडचणी सुटल्या असत्या. पण प्रतिज्ञा देवविणाऱ्याच्या मनात शब्दाचा जो अर्थ असेल तोच खरा, असा निर्णय त्यांनी केला. आईच्या मनात मांसात अंडे येत होते, म्हणून त्यांनी अंडी सोडली; अंडी घातलेली पक्वान्नेही सोडली. आईच्या मनात दूध मांसात येत नव्हते, म्हणून दूध चालू राहिले. आत्मकथेत हा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला आहे.

गोष्ट येथे संपत नाही. दूध विकार वाढवते, हा विचार आपण प्रथम श्रीमद् राजचंद्रांकडून ऐकला, असे ते लिहितात. गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांविषयी वाचल्यावर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. तेव्हा 'वीगन' हा शब्द जन्माला यायला बत्तीस वर्षे अवकाश होता. पुढे मोठ्या आजारात शरीर खंगले, तेव्हा व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या नव्हे, असे कस्तुरबांनी सुचवले आणि त्यांनी शेळीचे दूध घेतले. शब्द पाळला, पण व्रताचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी लपवली नाही. व्हेजिटेरियन आणि वीगन यांमधली सगळी ओढाताण एका माणसाच्या आयुष्यात अशी आधीच घडून गेली होती.

जैन ताट दोन्हींहून निराळे

जैन आहार म्हणजे कडक शाकाहार, किंवा जैन आहार म्हणजे जवळपास वीगन, अशी दोन्ही विधाने ऐकू येतात. दोन्ही अपुरी आहेत. जैन आहाराची रेषा या दोन वर्तुळांना छेदून जाते.

बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा हे सारे वीगन आहे. अनंतकाय म्हणून ते जैन स्वयंपाकघराबाहेर राहते. वऱ्हाडात रोडग्यांबरोबर वांग्याची भाजी हवीच. तुपाशिवाय वाढले तर ते जेवण पूर्ण वीगन ठरेल, पण बहुबीज म्हणून वांगे न खाणारी जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. बुरशीवर्गातले मशरूम वीगन. जैन आहारात वर्ज्य. द्राक्षाचे मद्य वीगन असू शकते. श्रावकाला ते मांसाइतकेच त्याज्य. रात्री बाराला केलेले वीगन भोजनही वीगनच असते. जैन दृष्टीने सूर्यास्तानंतर तेच अन्न सदोष होते, कारण तेथे पदार्थाबरोबर वेळेचाही विचार आहे.

उलट बाजूने, दूध आणि तूप जैन चौक्यात आहे, पण मर्यादेसह. धार काढल्यावर दूध अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, गाळून तापवावे लागते. लोणी तसेच ठेवत नाहीत. लगेच कढवून तूप करतात. अमृतचंद्राचार्यांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात मद्य, मांस व मधु यांच्या जोडीला नवनीताचाही निषेध येतो. कच्च्या दुधाच्या दह्यात डाळ किंवा बेसन मिसळले की द्विदलाचा दोष येतो. म्हणून वऱ्हाडचे कढीगोळे साऱ्या गावाला प्रिय असले, तरी व्रती माणूस त्यांच्याकडे जपूनच पाहतो. याउलट भुईमूग जमिनीत वाढूनही चालतो आणि ओले आले टाळणाऱ्या घरात सुंठ चालते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. व्हेजिटेरियन माणूस विचारतो, यात मांस आहे का? वीगन विचारतो, हे कोणत्याही प्राण्यापासून घेतले आहे का? जैन श्रावक विचारतो, हे उत्पन्न होताना, साठवताना, शिजवताना आणि खाताना किती जीवांची हानी होते? एकेंद्रिय वनस्पतीपासून पंचेंद्रिय पशूपर्यंत आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांपर्यंत हा तिसरा प्रश्न पोचतो. प्रश्नच वेगळा असल्याने उत्तरे काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी जुळत नाहीत.

दुधाचा प्रश्न टाळता येत नाही

जैन आहार वीगन नाही, एवढे सांगून वडीलधाऱ्यांनी विषय संपवला, तर नव्या पिढीवर अन्याय होईल. तिच्या प्रश्नाला शास्त्राचाच आधार आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्राण्याला जखडून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, पेलणार नाही एवढे ओझे लादणे आणि त्याचे खाणेपिणे रोखणे. वासराला आचळापासून ओढून सगळे दूध पिळून घेणे यात शेवटचा अतिचार होत नाही काय, हा नातवाचा प्रश्न आजीच्याच ग्रंथातून आलेला आहे.

मेळघाटच्या डोंगरात गवळ्यांची जुनी वस्ती आहे. गाविलगड किल्ल्याचे नावही त्यांच्यावरूनच सांगतात. गवळ्याच्या गोठ्यात वासराचा वाटा सोडून धार काढण्याची रीत होती, म्हातारी गाय दारातच मरे. जैन परंपरेने दूध स्वीकारले ते अशा गोठ्यातले. आज पिशवीतून येणारे दूध कोणत्या गोठ्यातून आले, नर वासराचे काय झाले, आटलेली म्हैस कोठे गेली, हे पिशवी सांगत नाही. परंपरेची परवानगी तीच, पण ज्या गोष्टीला परवानगी होती ती गोष्ट बदलली, असे तरुण म्हणतात ते याच अर्थाने. परदेशात जैन विचार पोचवणारे चित्रभानूजी यांनी वीगन आहाराचा पुरस्कार केला, आणि अमेरिका-इंग्लंडमधील अनेक जैन तरुणांनी तो स्वीकारला.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. दूध हे मांस नव्हे, ही परंपरेची स्पष्ट धारणा आहे. व्रती आणि त्यागी यांच्या आहारात दुधाला स्थान आहे आणि रसत्याग म्हणून दूध-तूप काही दिवस सोडणे हे तप मानले जाते. सोडणे तप ठरते, याचाच अर्थ घेणे पाप ठरवलेले नाही. तेव्हा वीगन होणारा नातू धर्म सोडत नाही आणि तूप वाढणारी आजी हिंसक ठरत नाही. ज्याला दूध सोडवत नाही, त्याने ते कोठून येते याची चौकशी करावी. ज्याने दूध सोडले, त्याने बटाटा आणि रात्रिभोजन यांचाही हिशेब तितक्याच प्रामाणिकपणे मांडावा.

व्यवहारात काय पाहावे

परदेशप्रवासात 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर अंडे येऊ शकते; चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले 'रेनेट' असू शकते. 'वीगन' म्हटल्यास अंडे आणि रेनेट दोन्ही टळतात, पण कांदा, लसूण, बटाटा आणि मशरूम येतात. विमानकंपन्यांकडे यासाठी निरनिराळे संकेत आहेत. 'व्हीजेएमएल' म्हणजे जैन भोजन, 'व्हीजीएमएल' म्हणजे वीगन, 'एव्हीएमएल' म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी, 'व्हीएलएमएल' म्हणजे दूध-अंडी चालणारे. तिकीट काढतानाच योग्य संकेत नोंदवावा. विमानात बसल्यावर सांगून उपयोग होत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने ब-१२ या जीवनसत्त्वाकडे दुर्लक्ष करू नये. प्रौढ माणसाला ते रोज अवघे अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास लागते, परंतु वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. कमतरता असेल तर थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण, रक्तक्षय अशा तक्रारी हळूहळू वाढतात. शाकाहारी माणसाला दूध-दह्यातून थोडेफार मिळते. दूध सोडणाऱ्याला पूरक औषध घ्यावेच लागते. त्याने वैद्यकीय सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे. औषध घेतानाही चौकशी हवी : कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागून घेता येते. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी, स्निग्धांशासाठी जवस हे वऱ्हाडच्या ओळखीचे पदार्थ आहेत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हे ताट, फोडणीत कांदा-लसूण नसेल आणि दिवसा वाढले असेल तर, तिन्ही शब्दांत बसते. नातू आणि आजी यांनी एकत्र बसून जेवावे असे हे ताट आहे.

मुक्ता आणि मुक्ती

जवळच्या उच्चाराचे दोन शब्द परतवाड्याच्या परिसराला नवे नाहीत. निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येकडील मेंढगिरीचा उल्लेख येतो आणि तेथून साडेतीन कोटी मुनी मुक्त झाल्याचे सांगितले आहे. मुक्तीची भूमी म्हणून मुक्तागिरी, असा एक अर्थ लोक घेतात. दुसरी कथा मेंढ्याची आहे. ध्यानस्थ मुनींजवळ एक मेंढा कड्यावरून कोसळला. मुनींनी त्याच्या कानी णमोकार मंत्र सांगितला, तो मरून देव झाला आणि कृतज्ञतेने त्याने त्या पहाडावर मोत्यांचा, म्हणजे मुक्तांचा वर्षाव केला. यात्रेकरू दोन्ही अर्थ मनात ठेवून बावन्न मंदिरांचे दर्शन घेतो. एका अर्थाने दुसरा खोटा पडत नाही.

कथेतल्या मुनींनी त्या मेंढ्याकडे पंचेंद्रिय जीव म्हणून पाहिले, मरताना त्याची सोबत केली. 'व्हेज' काय आणि 'वीगन' काय, दोन्ही शब्द अशाच पाहण्यातून निघाले आहेत आणि जैन श्रावकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. फक्त पाकीट हाती घेताना ठिपका पाहून थांबू नये. खालची बारीक अक्षरांतली घटकांची यादीही वाचावी. आणि घरातल्या कोणी ताटातला एखादा पदार्थ बाजूला ठेवला, तर रागावण्यापूर्वी त्याला एकदा कारण विचारावे.